बस्त्यावच्या चित्रावरची फुलं

प्रदर्शनात बस्त्यावचं चित्र का नव्हतं, हे विचारून विचारून लोकांनी मला भंडावून सोडलंय. एकाने तर मी ते परस्पर कोल्हापूरला नेऊन स्वतःच्या भिंतीवर टांगलं, अशीही आवई उठवली. मग म्हटलं, भेटेल त्याच्यापुढे तीच टेप लावण्यापेक्षा एकदाच बसून लिहून काढू. वसईहून परत येऊन आता पावसाळा उलटला, तरी माझं मन काही ठिकाणावर आलेलं नाही. एवढं लिहीपर्यंत मी चहाच्या निमित्ताने उठलो, खिडकी उघडली, परत लावली. बायको म्हणते, लिहायचं तर लिहा, नाहीतर जाऊन भाजी आणा.

बस्त्याव आमच्या मुंबईच्या कलाशाळेतला. बाप्तिस्म्याचं नाव सेबॅस्टियन, पण घरचे बस्त्याव म्हणायचे म्हणून आम्हीही तेच म्हणत असू. वसईजवळ भुईगावला घर, फुलांची आणि केळीची वाडी. पोरगा तसा शांत. पण एकदा शाळेच्या वाचनालयात त्याला एका फ्रेंच प्रतीकवादी चित्रकाराची फुलं सापडली आणि तो पार बिघडला. त्या फ्रेंच बाबाने अर्धं आयुष्य कोळशाने काळीकुट्ट चित्रं काढली होती आणि उतारवयात एकदम रंगांवर आला होता. फुलदाणी दिसते न दिसते, टेबलाचा पत्ता नाही, मागे भिंत आहे की आभाळ ते कळत नाही, आणि फुलं झोपेत बघितल्यासारखी. काही ओळखीची, काही कुठल्याच झाडाला न येणारी. आमचे मास्तर म्हणायचे, पाकळ्या मोजून काढा. बस्त्याव म्हणायचा, स्वप्नात कोण मोजतं?

शेवटच्या वर्षी त्याने स्वतःचं तसं एक चित्र काढलं. चांगला दाराएवढा कॅनव्हास. वसईचीच फुलं, पण पाण्याखाली नाहीतर तापात दिसावीत तशी तरंगणारी. बरोबर मध्यभागी एक फूल होतं, त्याला देठ नाही, पान नाही, नावही नाही. जांभळं म्हणावं तर आतून केशरी उजेड येतोय आणि कडेला किंचित हिरवट झाक. हॉस्टेलच्या खोलीत रंग ओला असताना मी ते पाहिलं. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवली, नाटकांचे पडदे रंगवले, पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण रिकामा वेळ मिळाला की तो रंग घोटत बसायचो. एकदाही जमला नाही. बस्त्याव मात्र गावी परतला, तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला, आणि काही वर्षांपूर्वी काविळीने गेला.

यंदाच्या मे महिन्याआधी वर्गातल्या मंडळींनी ठरवलं, की आपल्यातले जे गेले त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. बस्त्यावचं चित्र आणायची कामगिरी मी उडी मारून अंगावर घेतली. खरं सांगायचं तर प्रदर्शन गेलं खड्ड्यात, मला ते मधलं फूल पुन्हा बघायचं होतं.

भुईगाव

प्रवासाचं रडगाणं गात नाही. वसईला उतरलो, एस.टी. पकडली आणि भुईगावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दोन वळणं गेलो आणि ऊन गायब झालं. गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर माणसाने कुंपणात शिरावं. दोन्ही अंगाला वाड्या, केळी, नारळ, पानवेली, मध्येच एखादा पांढरा क्रूस, आणि जिकडेतिकडे पाटाच्या पाण्याचा ओला वास. आमच्याकडे मे महिन्यात माळ नुसता भाजून निघालेला असतो. मला राहवेना. चपला काढल्या आणि पाटात पाय सोडून बसलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ पाव्हणे, तो पाट माझ्या मोगऱ्याला चाललाय. पाय धुवायला विहीर हाय तिकडं." हे पास्कूकाका, बस्त्यावचे शेजारी. भुईगावातली माझी पहिली ओळख अशी झाली.

बस्त्यावची बायको कार्मेलिन. मी वहिनी म्हणायचो, गाव कार्मूबाय म्हणतं. हाडापेराने दणकट बाई, आवाज मात्र हळू. मी आल्या आल्या चित्राचं विचारलं, तर म्हणाली, "आधी जेवा भाऊ. चित्र कुठं पळून जात नाय." तांदळाच्या रोट्या आणि कैरी घातलेलं माशाचं कालवण होतं. आमच्या तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ते नारळाचं कालवण आधी अगदीच गरीब वाटलं, पण मग मागून तिखट आलं ते थेट कानापर्यंत. वर सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, मधासारखी गोड. एरवी मी मागून घेतली असती. त्या दिवशी माझं लक्ष सारखं आतल्या दाराकडे.

शेवटी ती उठली आणि मला ओटीवरून आतल्या मोठ्या खोलीत घेऊन गेली. भिंतीशी मरियेचा छोटा पुतळा, दोन बाजूंना मेणबत्त्या, आणि त्यामागे चित्र. मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

एका कोपऱ्यात एस.टी.च्या लाल रंगाची भली थोरली जास्वंद होती. तिच्याशेजारी चुन्यासारखा पांढरा मोगरा. खाली चक्क एक केळफूल. वरच्या बाजूला होडीला देतात तसल्या निळ्या रंगाचं काहीतरी, ज्याला पाकळ्यांपेक्षा कल्लेच जास्त होते. आणि बरोबर मध्यभागी, जिथे माझं फूल असायला हवं होतं तिथे, पिवळाधमक सोनचाफा. बस्त्यावचं म्हणावं असं कडेकडेने काय उरलं होतं तेवढंच.

"वहिनी, हे काय?"

"बरं झालंय ना?" तिच्या तोंडावर खरोखर समाधान होतं. "खारं वारं लागून रंगाच्या खपल्या पडत होत्या. भोकं भोकं झाली होती. मग मे महिन्यात आमी क्रूस रंगवतो, मायचा पुतळा रंगवतो, तसा ह्यालाबी रंग दिला. एकेकानं आपल्या वाडीतलं एकेक फूल काढलं."

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कोल्हापुरात बसून कुणाला कळायचं नाही. मे महिना इकडे मरियेचा. संध्याकाळी गल्लीतल्या एकेका घरी रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना होते, आणि येणारा माणूस आपल्या वाडीतलं फूल घेऊन येतो. त्याआधी देवाधर्माचं जे जे आहे त्याला रंगाचा ताजा हात मिळतो. बस्त्यावने गावी परतल्यावर स्वतःच हे चित्र पुतळ्यामागे लावलं होतं. म्हणजे आमच्या लेखी ते चित्र, गल्लीच्या लेखी ती वेदी. वेदीचा रंग उडाला की रंग द्यायचा, एवढा सरळ हिशोब. आमच्याकडे शेंदूर चढवून चढवून मूर्तीचे नाकडोळे गुडूप होतात तेव्हा मी कुणावर चिडतो का? नाही. पण इथे चिडलो. बाहेर पडलो, विहिरीला फेऱ्या घातल्या, आत आलो, परत बाहेर गेलो. शेवटी समुद्रावर जाऊन सुरूच्या झाडाखाली बसलो, तर मुंग्यांनी उठवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच वाडीत हालचाल सुरू झाली. झोप नव्हतीच, मीही गेलो. पास्कूकाका आणि घरची माणसं वाकून वाकून कळ्या खुडत होती. जास्वंदीच्या कळ्या, मोगऱ्याच्या कळ्या, सगळ्या घट्ट मिटलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत. पहिल्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जायच्या असतात. एक जास्वंद रात्रीतच अर्धवट उमलली होती, ती काकांनी खुडून बांधावर टाकली. त्या गावात उमललेलं फूल म्हणजे राहून गेलेलं फूल. आमच्याकडे परसात फूल उमललं की बायका एकमेकींना हाक मारून दाखवतात.

"एवढ्या चांगल्या चित्रावर जास्वंद काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं काका?" माझा राग अजून जिवंत होता.

काकांनी हात थांबवले नाहीत. "कोणी कशाला सांगायला पाहिजे? आमी कळी खुडतो, टोपलीत भरतो, ती गेली. फुलते ती तिकडं, कोणाच्या गणपतीवर, कोणाच्या वेणीत. आमच्या झाडाचं फूल पुरतं उमललेलं आमाला कधी बघायला मिळतंय? म्हणून तिथं काढलं. बस्त्यावच्या चित्रात तरी उमलू दे म्हटलं."

राग धरून ठेवणं जड जायला लागलं, आणि त्याचाही मला राग आला.

परत येऊन मी चित्र दिवसाच्या उजेडात न्याहाळायला बसलो. नाक लावून, तिरपं होऊन, कडेने. आणि एका ठिकाणी, जास्वंदीच्या लाल रंगाखालून, काचेसारखी चकाकी दिसली. व्हार्निश! बस्त्यावने काम संपल्यावर व्हार्निशचा जाड हात दिला होता. म्हणजे वरचे रंग व्हार्निशवर बसलेले, चित्रावर नव्हे. टर्पेंटाइन लावून सावकाश पुसलं तर व्हार्निश विरघळून त्यावरचं निघायला हवं आणि खालचं राहायला हवं. मी जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेलो आणि वहिनीला सांगितलं.

ती विळीवरून उठली नाही. हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "खाली त्यांचं हाय अजून?"

"असेल. भोकं पडली होती तिथे नसेल. बाकी असेल."

"मग बघा काढून. पण एक हाय भाऊ. ज्यानं फूल वाहिलं त्यानंच ते उचलायचं. दुसऱ्याच्या हातचं फूल आमी काढत नाय, सुकलं तरी. एकेकाला बोलवा, ज्यानं त्यानं आपलं पुसावं."

"पुसतील की. आणि मधला चाफा कुणाचा?"

"आल्बर्टचा," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

आल्बर्ट म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. मी त्याच्याच खोलीत झोपलो होतो, खुंटीला त्याचा शर्ट होता. बाप गेल्यावर तो मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. जायच्या आधीच्या मे महिन्यात त्याने तो चाफा काढला. पहिल्यांदा पत्रं यायची, मग थांबली. जहाजवाल्यांनी कळवलं, की तो दूर कुठल्याशा बंदरावर उतरला तो परत चढलाच नाही. त्यालाही वर्ष उलटून गेलेलं. त्याच्या काळजीने ही बाई दिवसातून कितीदा तरी फाटकापर्यंत जाऊन येते, हे मी कालपासून पाहत होतो. मला वाटलं होतं, बकरीवर लक्ष ठेवायला जाते.

नवऱ्याचं फूल खाली, मुलाचं वर. तीच म्हणाली, "तुमी आधी बाकीचं तर करा."

तुळिंज

टर्पेंटाइन आणायला नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, तुळिंजला जावं लागलं. भुईगावाहून तिथे गेलं की आपण दुसऱ्याच जिल्ह्यात आलो असं वाटतं. जिकडे बघावं तिकडे नव्या चाळी आणि इमारती उठत होत्या, वाळूचे ढीग, विटांचे ट्रक, भाजीवाल्यांच्या हातगाड्या, आणि हवेत सिमेंटची धूळ. बाजारात मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. हार्डवेअरच्या दुकानदाराने मला विचारलं, "दरवाजा है की ग्रिल?" म्हटलं, "फूल आहे. फूल पुसायचंय." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाटली मुकाट्याने कागदात गुंडाळून दिली. कापूस औषधांच्या दुकानातून घेतला. परतीची एस.टी. यायला उशीर झाला तसा मी रस्त्यावर येरझाऱ्या घालून घालून एका भाजीवाल्याचे टोमॅटो लाथाडले, मग ते विकतही घ्यावे लागले.

दुपारनंतर पास्कूकाकांना बोलावलं. ते स्वच्छ शर्ट घालून आले, पण गुरगुरत.

"माझी जास्वंद काय वाईट हाय?"

"वाईट नाही काका. पण तिच्याखाली बस्त्याव आहे."

त्यांनी बाह्या वर सारल्या. मी कापूस कसा भिजवायचा, कसा गोल फिरवायचा, कधी टाकून नवा घ्यायचा, ते दाखवलं. काका खुडायच्या सवयीने आधी ओरबाडायलाच लागले, मी ओरडलो, तेव्हा हात हलका झाला. कापूस लाल झाला. दुसरा लाल झाला. आणि मग लालाच्या खालून एक गर्द निळा अंधार वर आला, आणि त्या अंधारात पोपटी उजेडाची एक पाकळी, अशी ओली, की जणू बस्त्याव आत्ताच ब्रश धुवायला गेलाय. काकांचा हात थांबला. "आयला," ते हळूच म्हणाले.

वहिनी हातात डाव घेऊन दारात आली होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं, पुढे आली, आणखी पुढे आली. "हा त्यांचा हात," ती म्हणाली. डावातलं कालवण तिच्या साडीवर टपकत होतं, तिला पत्ता नव्हता. नवरा गेल्यावर त्याचं काहीतरी इतक्या वर्षांनी पुन्हा दिसलं, आणि तिला इतका आनंद झाला की तिने मला तिथल्या तिथे पुन्हा जेवायला बसवलं.

अर्नाळा

गल्लीतली माणसं तयार झाली. अडलं होतं ते निळं फूल. ते हिराबाईचं. हिराबाई अर्नाळ्याची कोळीण, बस्त्यावच्या घरी वर्षानुवर्षं मासळी घालणारी. ती हिंदू, पण मे महिन्यात रोझरीला एकदा तरी हजेरी लावतेच, आणि तिच्याकडे वाडी नसल्याने तिने होडीच्या रंगाने मनातलं फूल काढलं होतं. तिला आणायला मी सकाळी अर्नाळ्याला गेलो.

किनाऱ्याच्या अलीकडेच वास आडवा आला. बांबूंच्या चौकटींवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, रांगाच्या रांगा, आणि त्यांच्या फटीतून समोर पाण्यातला किल्ला. पावसाळ्याच्या तोंडावर बऱ्याच होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, कुठे डांबर चाललं होतं, कुठे रंग. मी आमच्या पंचगंगेचा माणूस, पाणी म्हणजे पलीकडचा काठ दिसतो ते. इथे किल्ल्याच्या मागे नुसतंच पाणी, त्याला अंतच नाही. मला ते बघवेना, मी पाठ करून उभा राहिलो.

हिराबाई बोंबील उलटत होती. मी सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हन्जे मी तुमचं चित्र खराब केलं काय? खारं पानी लागून भोक पडलं होतं त्याला. होडीला भोक पडलं तर आमी काय करतो? बुजवतो. भोकाकडं बघत बसत नाय."

"बरोबर आहे तुमचं. पण..."

"बरोबर हाय तर मग पन कशाला?" मग तीच हसली. "येते. कार्मूबायनं बोलवलं ना, मग येते. तुमी तवर हे उलटा जरा, माझी कंबर गेली."

मी तिच्याबरोबर बोंबील उलटले. दोन्ही हातांना आणि शर्टाला जो वास लागला तो कोल्हापूरला पोचल्यावरही बायकोने ओळखला. मध्येच हिराबाईने विचारलं, "मधल्या चाफ्याचं काय करनार ती?"

"माहीत नाही. सांगत नाही."

"आमचा मानूस दर्यावर गेला, की त्याची वस्तू तो ठेवून गेला तिथनं आमी हलवत नाय. येईस्तवर." ती समुद्राकडे न बघता बोलत होती. "पन ती वाडीवाली. त्यांचं येगळं असल."

मला ते ऐकायचं नव्हतं. मी मनातल्या मनात टेम्पोवाल्याचा निरोप, फळ्यांची पेटी, मुंबईत कुणाला भेटायचं, असलं सगळं घोकत राहिलो.

पुन्हा भुईगाव

त्या संध्याकाळी रोझरीची पाळी कार्मेलिनच्याच घरी होती. गल्ली भरून माणसं आली. बायका पुढे, पुरुष मागे, दारात चपलांचा ढीग. मी अगदी मागे, खांबाला टेकून. सगळ्यांचं 'नमो मरिया' एकाच लयीत चाललेलं, एकानंतर एक, न थांबता, आणि मला एका जागी बसवेना. मी बूड हलवलं की शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघायचे. आमच्या भजनात निदान टाळ तरी वाजवता येतो. प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले. मग वहिनीने कापसाचा गोळा घेतला आणि म्हणाली, "आधी मी माझं पुसते."

केळफूल तिचं होतं. ते तिने पुसलं. त्याखाली काहीच नव्हतं, कोरा कॅनव्हास. तिने बोट फिरवून पाहिलं आणि बाजूला झाली. मग मोगरावाली शेजारीण आली, तिच्या मोगऱ्याखाली फुलपाखरू की पाकळी ते न कळणारं काहीतरी राखाडी-गुलाबी निघालं आणि बायकांच्यात कुजबुज झाली. हिराबाईच्या होडीच्या रंगाने सगळ्यांत जास्त छळलं. घासता घासता तीच म्हणाली, "चांगला रंग होता, बघा. पावसाला दाद देत नाय." एकेक जण यायचा, आपलं फूल पुसायचा, खाली काय निघालं ते बघायचा आणि आपल्याच वाडीत काहीतरी सापडल्यासारखा मागे जायचा. भोकं होतीच, पांढरी, खपल्यांच्या आकाराची. पण त्यांच्या मधून मधून बस्त्यावचं ते स्वप्न परत उजेडात येत होतं, ती असूननसून फुलदाणी, तो ना पहाटेचा ना संध्याकाळचा निळा, आणि हवेत सुटलेली फुलं. इतकं सुंदर काही माझ्या डोळ्यांनी बरेच दिवस पाहिलं नव्हतं.

मध्ये चाफा राहिला. पिवळा, नीटस, पाकळ्या मोजून काढलेल्या. मला तो पुसलेला हवा होता. दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी पास्कूकाका म्हणाले, "कार्मूबाय, तू पूस. तू आई हायस. तुझ्या हातानं चालंल."

तिने नवा कापूस घेतला. बाटली तिरपी करून भिजवला, जरा जास्तच भिजवला. हात वर नेला, चाफ्याच्या पाकळीजवळ नेला. कापसातून एक थेंब निसटला आणि पाकळीवरून सरळ खाली ओघळला. जाताना त्याने पिवळ्या रंगात केसाएवढी रेघ पाडली. त्या रेघेत जांभळं होतं, आणि त्याच्या आतून केशरी. ते तिथेच होतं. शाबूत होतं. मी पाहिलं. तिनेही पाहिलं, कारण तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

ती तशीच उभी राहिली. मग तिने पदराच्या टोकाने तो ओघळ टिपून घेतला, चाफ्याला धक्का न लावता, आणि कापूस खाली ठेवला.

"भाऊ," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी पुसलं म्हणजे मी काय कबूल केलं, ते ह्या सगळ्यांना कळतंय. त्याचं फूल तोच उचलंल. तवर चित्र हितंच राहील."

"वहिनी, पण प्रदर्शन..." मी एवढंच म्हणालो. हिराबाईने माझ्याकडे डोळे वटारले. पास्कूकाकांनी उरलेले चणे माझ्या ओंजळीत ओतले, आणि मी ते उभ्याउभ्या खात राहिलो.

सकाळी टेम्पोवाल्याला परत पाठवला, तो चार शब्द सुनावून गेला. वहिनीने सुकेळ्यांचा एक जुडगा केळीच्या सोपटात बांधून दिला. चित्र पुतळ्यामागे होतं तसंच, बस्त्यावची फुलं, पांढरी भोकं आणि मध्ये चाफा. मी जाऊन ती रेघ आणखी एकदा बघितली. चष्मा लावून, चष्मा काढून. तो रंग मला आजही जमलेला नाही, पण आता तो कुठे आहे ते माहीत आहे, आणि त्याने जिवाची तगमग कमी होण्याऐवजी वाढलीच आहे.

मी सामान आवरायला लागलो. टर्पेंटाइनची बाटली पिशवीत टाकत होतो, तर ती म्हणाली, "ती ठेवून जा भाऊ. तो आला की त्याला लागंल."

बाटलीत तळाशी थोडंसंच उरलं होतं. एका चाफ्यापुरतं असेल. मी बूच दाबून बसवलं, वरून फडकं गुंडाळलं आणि दोऱ्याने आवळून बांधलं, कारण उघडं राहिलं की ते उडून जातं.

"असं किती टिकंल?" तिने विचारलं.

"बूच काढलं नाही तर बरीच वर्षं टिकेल."

"एवढी नाय लागायची," ती म्हणाली, आणि बाटली घेऊन आल्बर्टच्या खोलीत गेली.